जुन्या तंबोऱ्याचा आवाज

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुड हें माझें गांव. आमच्या भागांत अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे सात दिवस व सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाहीं. एका वीणेकऱ्याचा पहारा संपला कीं तो ती आपल्या गळ्यांतून काढून दुसऱ्याच्या गळ्यांत घालतो, दोघे परस्परांच्या पायां पडतात, आणि तारेचा झणत्कार न तुटतां पुढें चालू राहतो. लहानपणीं अशा एका सप्ताहासाठीं पंढरपुराहून नवीकोरी वीणा आणलेली मला आठवते. भोपळा तुकतुकीत होता, खुंट्या घट्ट होत्या. तरी रात्रीच्या पहाऱ्याला उभ्या राहिलेल्या एका वृद्ध वीणेकऱ्यानें ती बाजूस ठेवून जुनीच मागून घेतली. मीं कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "लेकरा, नवी वीणा नुसती वाजती. बोलाया लागायची म्हंजे ती माणसाच्या अंगाला लागावी लागती."

हें वाक्य माझ्या मनांत इतकें खोल रुजलें कीं त्यापायीं पुढें माझ्या हातून एक चूक घडली. आमच्या घरीं आत्याबाईंचा तंबोरा होता. पहांटे त्या त्यावर भूपाळ्या म्हणत. त्या वारल्यानंतर मीं तो गवसणींत घालून माजघराच्या भिंतीला टांगला आणि त्यास कोणी हात लावूं नये अशी घरांत ताकीद दिली. जुन्या वाद्याचा आवाज वर्षागणिक पिकत जातो, तेव्हां याचाहि पिकत असेल, अशी माझी समजूत! वीस वर्षांनीं गवसणी काढून तारा छेडल्या, तों आवाज अगदीं बसलेला. तेव्हां मला प्रथम प्रश्न पडला कीं, वाद्याला जें वय चढतें, तें नेमकें कशाला चढतें? लांकडाला, तारेला, कीं ऐकणाऱ्याच्या कानाला?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर मिरजेस गेलें पाहिजे. तंतुवाद्यांच्या निर्मितीसाठीं मिरज शहर सर्व हिंदुस्थानांत प्रसिद्ध आहे. हा धंदा तेथें ज्यांनीं उभा केला ते मूळचे शिकलगार, म्हणजे तरवारींना व भाल्यांना धार लावणारे कारागीर. १८१८ सालीं पेशवाई संपली, लढाया थांबल्या, आणि शस्त्रांचें काम उणावलें. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन हे संगीताचे चाहते. त्यांच्या दरबारीं येणाऱ्या गवयांचीं वाद्यें नादुरुस्त होत, आणि दुरुस्तीला जवळपास कोणी नसे. तीं वाद्यें या शिकलगारांच्या हातीं गेलीं. दुरुस्ती करतां करतां ते नवीं वाद्यें घडवूं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सुमारें १८५० च्या आसपास, फरीदसाहेब सतारमेकर यांनीं हा उद्योग नांवारूपास आणला, अशी परंपरा आहे. मिरजेच्या तंतुवाद्यकलेचा आरंभ नव्या वाद्यापासून झाला नाहीं, जुन्याच्या दुरुस्तीपासून झाला, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

तंबोऱ्याचा भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकांठच्या शेतांतून. हा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू असतो, आणि त्या कडूपणामुळेंच कीड त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. वेलावर पूर्ण पिकल्यावर तो महिनोगणती वाळवितात. दांडी व तबली यांसाठीं मिरजेंत प्रायः तून वृक्षाचें लांकूड वापरतात. तेंहि चांगलें वाळलेलें लागतें. म्हणजे तार चढविण्यापूर्वींच वाद्याचें म्हातारपण सुरू झालेलें असतें, असें म्हटलें तरी चालेल.

या वाळण्याचा आवाजाशीं संबंध काय? लांकूड म्हणजे सूक्ष्म तंतूंची मोळी. त्या तंतूंना एकत्र बांधणाऱ्या द्रव्यांपैकीं हेमिसेल्यूलोज नांवाचें द्रव्य हवेंतील ओलावा शोषून घेतें. कालांतरानें हें द्रव्य हळूहळू विघटित होतें. लांकूड किंचित् हलकें होतें, ओलावा कमी पितें, आणि त्यांतील कंप पूर्वीइतक्या लवकर विरत नाहींत. अर्थात् वयानें लांकूड बदलतें, ही कल्पना निराधार नव्हे. पाश्चात्त्य गिटार बनविणाऱ्या कारागिरांनीं तर अलीकडे काळाची वाट पाहणेंच सोडून दिलें आहे. ते प्राणवायु जवळजवळ नसलेल्या भट्टींत गिटारीच्या पोटाची फळी भाजून घेतात आणि अनेक वर्षांचें वाळणें थोड्या तासांत उरकतात.

परंतु वाजवून वाजवून आवाज सुधारतो, या समजुतीचें काय? ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें तिची परीक्षा झाली. एकाच कारागिरानें सारख्याच लांकडांतून दोन व्हायोलिनें जोडीनें घडविलीं. एक वादकाच्या हातीं नित्य वाजत राहिलें. दुसरें संग्रहालयांत ठेवलें गेलें. तीन वर्षांनीं वादकांना व श्रोत्यांना दोन्हींची तुलना करावयास लावली, तेव्हां त्यांच्या उत्तरांत लक्षणीय असा फरक आढळला नाहीं. हा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत गिटारींना यंत्रानें सतत कंप देऊन त्या 'वाजवून मुरविल्या' होत्या; जाणत्या वादकांना तोहि बदल ओळखतां आला नाहीं. त्यापूर्वीं, २०१० सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एकवीस वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांच्या हातीं तीन नवीं व तीन जुनीं व्हायोलिनें दिलीं होतीं. जुन्यांपैकीं दोन इटलीच्या स्ट्राडिव्हारीचीं होतीं. वादकांना सर्वांत कमी आवडलेलें वाद्य त्या दोहोंपैकींच एक निघालें!

मग जुनीं वाद्यें आपणांस इतकीं गोड कां वाटतात? एक कारण साधें आहे. शंभर वर्षांपूर्वीं घडलेल्या तंबोऱ्यांतील बेसूर व ठिसूळ तंबोरे केव्हांच फुटले, अडगळींत गेले किंवा चुलींत गेले. जे गोड होते तेच लोकांनीं जपले. काळ आवाज सुधारतो त्याहून अधिक तो निवड करतो, आणि त्या निवडीचें श्रेय आपण वयाला देतों.

येथपर्यंत विचार आला म्हणजे वाटतें, वृद्ध वीणेकऱ्याचें बोलणें खोटेंच ठरलें. पण तंबोऱ्याला एक अंग असें आहे कीं जें व्हायोलिनाला नाहीं, गिटारीलाहि नाहीं. तें म्हणजे जवारी. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. ती रुंद असून तिला अगदीं सूक्ष्म असा उतार दिलेला असतो. छेडलेली तार कंप पावतांना या उतारावर पुनःपुन्हां टेकते व सुटते, आणि त्यामुळें मूळ स्वराबरोबर उंच उंच उपस्वर उमलूं लागतात. तार व घोडी यांमध्यें सुताचा बारीक दोरा सरकविला कीं हें टेकणें नेमकें जागेवर येतें. तारेच्या ज्या बिंदूवर छेडल्यास कांहीं उपस्वर उमटूंच नयेत, तेथें छेडूनहि तंबोऱ्यांत ते ऐकूं येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालच्या आपल्या निबंधांत दाखवून दिलें. पुढें १९३० चें नोबेल पारितोषिक ज्यांना लाभलें त्या शास्त्रज्ञाला आपल्या घरगुती तंबोऱ्यानें असें कोडें घातलें होतें.

आतां गंमत अशी कीं, ही जवारी वाजविण्यानें खरोखरच बदलते. तारेच्या घर्षणानें घोडीवर बारीक खाचा पडतात, उतार बिघडतो, उपस्वर मिटूं लागतात आणि आवाज बंद होतो. म्हणजे वाजविण्यानें तंबोरा आपोआप सुधारत नाहीं, उलट झिजतो! त्याला पुन्हां बोलता करावयाचा तर कारागिरानें घोडी कानसेनें केसाइतकी घासून, तार लावून, ऐकून, पुन्हां घासून ती जवारी 'खोलावी' लागते. तेथें माप म्हणजे कारागिराचा कान. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां हे मिरजेस स्थायिक झालेले थोर गवई १९३७ सालीं निवर्तले; वाद्यांच्या दुरुस्तींत ते स्वतः निष्णात होते. तंबोरा नीट बोलल्यावांचून गाणें उभें राहत नाहीं, हें जाणणाऱ्या गवयाच्या हातीं कानसहि शोभून दिसे.

आत्याबाईंचा तंबोरा घेऊन मी मिरजेस गेलों तेव्हां हें सर्व मला ठाऊक नव्हतें. कारागिरानें गवसणी काढली, घोडीवर नख फिरविलें, खुंट्या चाचपल्या. मीं भीत भीत म्हटलें, "घोडी घासूं नका. जुना आवाज जाईल." ते हंसले व म्हणाले, "मास्तर, याच्यांत आतां जुना आवाज कुठं आहे? जो आहे तो धुळीचा आहे." तारा ताणलेल्या स्थितींत इतकीं वर्षें टांगल्यामुळें तबली किंचित् खचली होती, आणि पावसाळ्यांच्या दमटपणानें एक सांधा सुटला होता. लांकडाला वय आलें होतें खरें. परंतु त्याची निगा राखणारा हात वीस वर्षें त्यापासून मीं दूर ठेवला होता. त्यांनीं सांधा भरला, तबली सांवरली, जवारी खोलली, नव्या तारा चढविल्या. तंबोरा बोलूं लागला. तो आत्याबाईंच्या वेळचाच आवाज होता काय, हें मात्र मी सांगूं शकत नाहीं. ती तुलना करतां येण्याची वेळ मींच दवडली होती.

हे हात पुढेंहि राहतील काय, हा खरा प्रश्न आहे. पूर्वीं घोडीसाठीं सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची जागा हाडानें, शिसवीनें व कृत्रिम द्रव्यांनीं घेतली. पुष्कळ ठिकाणीं तंबोऱ्याचीच जागा विजेवर चालणाऱ्या पेटीनें घेतली. ती पेटी कधीं झिजत नाहीं. म्हणून तिला जवारी खोलणाऱ्याची गरजहि पडत नाहीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मानांकन नांवाचें रक्षण करतें. कानसेवरच्या हाताचें रक्षण गिऱ्हाइकानेंच करावयाचें असतें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असा तंबोरा भिंतीवर असेल तर तो खालीं उतरवा. वापरांत नसेल तेव्हां तारा थोड्या सैल करून ठेवा, ऊन व ओल यांपासून त्याला जपा, आणि आवाज बंद वाटूं लागला कीं जाणत्या कारागिराकडे न्या. आमच्या गांवच्या वीणेचा आवाज इतका मोकळा कां राहिला होता, तें मला पुष्कळ उशिरां उमगलें. सप्ताह जवळ आला कीं तोच वृद्ध वीणेकरी ओसरीवर बसून तिची तार बदली, खुंट्यांना खडू लावी, घोडीवरचें सूत सरकवून कान देई. "अंगाला लागणें" असें जें ते म्हणत, त्यांत हें सर्व आलेंच होतें. मीं मात्र त्यांच्या बोलण्यांतून केवळ वय तेवढें उचललें होतें.