जुन्या गाडीचं छप्पर उतरतं करायचंय? आधी मागची काच समजून घ्या

अकोल्यात काकांच्या अंगणात एक जुनी कॉन्टेसा उभी आहे. मागच्या दिवाळीत चुलतभावानं मला मस्टँगची रील दाखवली आणि म्हणाला, "दादा, आपल्या गाडीचं मागचं असंच उतरतं करून टाकू न! एक जण करून द्याले तयार आहे." मी अमरावतीचा. कोड लिहून पोट भरतो, पण डिग्री मेकॅनिकलची आहे (असे आपण बरेच!). त्यामुळे हो म्हणायच्या आधी जरा अभ्यास केला.

आधी दोन शब्द. छप्पर थेट शेपटापर्यंत उतरत गेलं तर ती फास्टबॅक. काच जरा उभी आणि तिच्यामागे डिकी वेगळी दिसत असेल तर नॉचबॅक. मागच्या काचेच्या बाजूचा जाड खांब म्हणजे सी-पिलर. कॉन्टेसा चार दारांची नॉचबॅक आहे. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ ते २००२ ही गाडी विकली, मूळ साचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. लांब बॉनेटमुळे पोरांना ती अमेरिकन वाटते, एवढंच.

अमेरिकेत मागच्या काचेचं वेड जुनं आहे. १९६३ च्या कॉर्व्हेट कूपेला मागे दोन काचा होत्या, मध्ये पट्टी. आरशात नीट दिसत नाही म्हणून कंपनीनं १९६४ मध्ये पट्टी काढली. काही मालकांनी आपल्या ६३ च्या गाडीतली पट्टीही कापून टाकली. आज तीच पट्टीवाली गाडी जास्त भाव खाते! १९६८ च्या डॉज चार्जरची काच दोन पंखांच्या मध्ये आत दबलेली होती. शर्यतीत तिथे हवा घुटमळायची आणि गाडीचा मागचा भाग उचलला जायचा. म्हणून १९६९ च्या चार्जर ५०० मध्ये काच पंखांच्या बरोबरीनं आणली. शेव्हरोलेनं तर १९८६ मध्ये शर्यतीच्या नियमासाठी मोठ्या उतरत्या काचेच्या फक्त २०० मॉन्टे कार्लो एअरोकूपे बनवल्या.

म्हणजे उतार दिला की गाडी पळते? तसं नाही. १९८४ मध्ये अहमद नावाच्या संशोधकानं गाडीसारख्या साध्या ठोकळ्यावर प्रयोग केले. मागचा उतार ३० अंशांच्या आसपास गेला की कडांवर भोवरे तयार होतात आणि हवेची ओढ सर्वात जास्त होते. अंदाजानं कापलेलं छप्पर नेमकं तिथेच येऊ शकतं.

आता खरी अडचण. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर. ती जाणकार माणूस कापू शकतो. मागची मात्र बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. भट्टीत तापवून एकदम थंड केल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण अडकलेला असतो. कटर लावला की अख्ख्या काचेचा चुरा. म्हणून छप्पर कापणारे कारागीर जुनी काच तशीच ठेवून पुढे झोपवतात, नाहीतर नव्या मापाची काच आधी कापून, वाकवून मग टफन करून घ्यावी लागते. एका नगासाठी हा खर्च परवडत नाही. भावाला भेटलेला कारागीर म्हणत होता, ॲक्रेलिक टाकू. नियमाप्रमाणे तिथे सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंगच लागतं.

शिवाय छप्पर आणि पिलर म्हणजे नुसता पत्रा नाही. गाडी उलटली तर गाडीचा भार तेच झेलतात. चुकीच्या जागी वेल्डिंग झालं की तो सांधा कमजोर.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अकोल्याच्या उन्हात काळी फिल्म लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण नियमानं पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेलाच पाहिजे.

भावानं तोंड पाडलं, पण ऐकलं. सध्या कॉन्टेसाच्या मागच्या काचेचं कडक झालेलं रबर बदलायचं ठरलंय, कारण पावसाचं पाणी थेट डिकीत उतरतंय. ते रबर अकोल्यात मिळालं नाही. अमरावतीत मी शोधतोय.