शासनापुढील असत्य निवेदन : नाशिकच्या एका खटल्याच्या निमित्ताने

लोकसेवकास हेतुतः खोटी माहिती देणे हा भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम १८२ अन्वये गुन्हा होता; शिक्षा मात्र सहा महिन्यांपर्यंतच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार त्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरूनच, तीही एका वर्षाच्या आत घेता येई. फसगत झालेल्या अधिकाऱ्यानेच पुढे यावे, ही अपेक्षा भाबडीच म्हणावी लागेल.

१९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकार कोट्यातून नाशिक येथे सदनिका मिळविताना माणिकराव कोकाटे यांनी उत्पन्न व मालकीच्या घराविषयी खोटी माहिती दिली, असा आरोप झाला. तक्रारदार तुकाराम दिघोळे हे सिन्नरच्या राजकारणातील त्यांचे प्रतिस्पर्धी. खटला फसवणूक व बनावट कागदपत्रांच्या आरोपांवर चालला. तेथे वरील अट आड येत नाही. २० फेब्रुवारी २०२५ रोजी दोन वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कोकाटे कृषिमंत्री होते. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने ती कायम केली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीस आमदारकीपुरती स्थगिती दिली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ ने शिक्षेची मर्यादा एक वर्षावर नेली. लेखी तक्रारीची अट नव्या प्रक्रिया संहितेतही तशीच आहे.