माटोळीतली कुळं

पणजीच्या चर्चसमोरच्या बागेत मी कधीकधी दुपारच्या सुट्टीत जाऊन बसतो. या बागेला गार्सिया द ओर्ता याचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि चार वर्षांत त्याचं लॅटिन सार युरोपात निघालं. त्यातलं बरंचसं ज्ञान त्याने इथल्या वैद्यांना विचारूनच मिळवलं होतं. मलबारात अतिसारावर देतात त्या एका झाडाबद्दलही तो लिहितो. ते झाड म्हणजे आपला कुडा, असं अभ्यासक मानतात. पोट बिघडलं की आमची आजीही कुड्याचीच साल उगाळून द्यायची.

कचेरीत 'कूळ' म्हटलं की आम्हाला कूळ कायदाच आठवतो! पण वनस्पतींनाही कूळ असतं. कुडा, करवंद, सर्पगंधा, सदाफुली ही सगळी एकाच कुळातली. झाडाला शत्रूपासून पळता येत नाही, म्हणून लाखो वर्षांत एकेका कुळाने आपापली रसायनं घडवली. तीच माणसाच्या औषधाला आली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातलं रेसर्पिन १९५२ साली वेगळं काढलं गेलं. सदाफुलीने रक्ताच्या कर्करोगावर औषध दिलं.

पण या कुळाकडे पेज मागून मिळणार नाही. भात आणि नाचणी गवताच्या कुळाने दिली. आळसांदे, कुळीथ शेंगांच्या कुळाने दिले, आणि वर शेताला नत्रही दिलं. एकाच कुळातली शंभर झाडं राखली तरी दुसऱ्या कुळाचं काम त्यांच्याकडून होत नाही.

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. पण चवथीची माटोळी पाहा. सुपारी, आंबाडे, तोरिंग, चिबूड, माट्टी, कांगले, नागलकुडा. वस्तू सात आणि कुळंही सात! नागलकुडा तर त्या कुड्याच्याच कुळातला. दरवर्षी माटोळी बांधायची म्हणून ही झाडं कुठे आहेत, कधी फळतात, हे गावाच्या लक्षात राहिलं.

गेल्या चवथीला बाजारात नागलकुड्याची फळं दिसली नाहीत. माटोळीचं सामान विकणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "दोंगरूच कापलो, बाबा."

असे डोंगर आमच्या फायलींत 'पडीक जमीन' म्हणून येतात. वीस वर्षांत मीही तो शब्द कितीदा लिहिला असेल. त्या पडीक जमिनीवर किती कुळं नांदत होती, ते लिहायला फायलीत रकाना नसतो.

यंदा माटोळी बांधताना मुलांना जवळ बसवा आणि एकेका फळाचं नाव सांगा. नाव ठाऊक असलं, तर एखादं फळ दिसेनासं झाल्याचं निदान त्यांच्या लक्षात तरी येईल.