ओली काच, कोरडी फिल्म आणि सायकल

सायकलवरून भटकत निसर्गाची छायाचित्रे घेणे आज सहज जमते. १८७० पर्यंत मात्र ते जवळजवळ अशक्य होते. अडचण रसायनशास्त्राची होती.

१८६६ मध्ये सॅम्युएल बोर्न हिमालयात चित्रे घेत होता. त्याची पद्धत आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडिअनची. काचेवर कोलोडिअनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि थर ओला आहे तोवर, म्हणजे सुमारे दहा मिनिटांत, चित्र घेऊन तिथेच धुवायचे. थर वाळला की काच निकामी. त्यामुळे काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारखोलीचा तंबू हे सारे डोंगरावर न्यावे लागे. बोर्नबरोबर डझनावारी हमाल असत. या उपद्व्यापाचा एक फायदा होता. चित्र फसले तर जागेवरच कळे आणि लगेच दुसरी काच तयार करता येई.

इथरच्या वाफांनी त्रासलेल्या डॉ. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये कोलोडिअनऐवजी जिलेटिन सुचवले. त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे कण कोरडे राहूनही संवेदनशील असत. मॅडॉक्स यांनी पेटंट घेतले नाही. हे मिश्रण काही दिवस कोमट ठेवले तर त्याची संवेदनशीलता खूप वाढते, असे बेनेट यांनी १८७८ मध्ये दाखवले. आता कॅमेरा हातात धरून चित्र घेता येऊ लागले. १८८५ मध्ये स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली, १८८९ मध्ये ईस्टमनची सेल्युलॉइड फिल्म.

याचा लाभ अ‍ॅलन आणि झाख्टलेबेन या दोन अमेरिकन तरुणांनी घेतला. १८९० मध्ये सेंट लुइसच्या विद्यापीठातून पदवी घेऊन ते निघाले. १८९१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कॉन्स्टँटिनोपल सोडले आणि पुढच्या वर्षी सायकलवरून पेकिंग गाठले. बरोबर हमाल नव्हते, होते कोडॅक कॅमेरे. वाटेत ते अरारात पर्वतही चढले.

परंतु सामान हलके झाले तसा जागेवर चूक कळण्याचा फायदाही गेला. १८८८ च्या मूळ कोडॅकला चित्र पाहायची खिडकीसुद्धा नव्हती. वर कोरलेल्या रेषांवरून नेम धरायचा! विद्यार्थ्यांना एक गणित जरूर घालावे. या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ५७ मिलिमीटर. सपाटीपासून ३ किलोमीटर उंच पर्वत ६० किलोमीटरवरून टिपला, तर फिल्मवर त्याची उंची किती? ५७ × ३ ÷ ६०, म्हणजे तीन मिलिमीटरही नाही. स्वाराला क्षितिज व्यापणारा वाटलेला पर्वत चित्रात एक टेंगूळ होऊन बसे. शिवाय साधे सिल्व्हर ब्रोमाइड मुख्यतः निळा प्रकाश टिपते. आकाश व दूरचे धुके पांढरेफेक आणि झाडी काळी. त्यावरचा उपाय, रंगद्रव्ये मिसळून हिरव्याची संवेदनशीलता वाढवणे, फोगेल यांनी १८७३ मध्येच शोधला होता. प्रवासी मात्र आपली चूक फिल्म धुतल्यावरच पाहत, आणि तोवर तो डोंगर शेकडो मैल मागे राहिलेला असे.

या दोघांच्या काहीशे निगेटिव्ह लॉस एंजलिसच्या विद्यापीठ ग्रंथालयात जपलेल्या आहेत. त्या सेल्युलोज नायट्रेटच्या, ज्वालाग्राही आणि हळूहळू आपोआप विघटित होणाऱ्या आहेत.