वेल्डरचे परिचयपत्रक

वेल्डरचे परिचयपत्रक (बोलीभाषेत बायोडाटा किंवा रेझ्युमे) म्हणजे वेल्डर अथवा संधाता या पदासाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराचे शिक्षण, कौशल्य, प्रमाणपत्रे व कामाचा अनुभव यांची थोडक्यात माहिती देणारा दस्तऐवज होय. हे परिचयपत्रक बहुधा एक ते दोन पानांचे असते. कार्यालयीन पदांच्या परिचयपत्रकात पदवी आणि भाषाकौशल्य यांना महत्त्व असते. वेल्डरच्या परिचयपत्रकात मात्र कोणती प्रक्रिया, कोणता धातू, किती जाडी आणि कोणत्या स्थितीत सांधा करता येतो, या तांत्रिक तपशिलाला प्राधान्य असते. अशा पदाची निवड बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक चाचणीने पूर्ण होते. त्यामुळे उमेदवाराला चाचणीसाठी बोलावले जावे, एवढे काम परिचयपत्रकाने करावयाचे असते.

कोल्हापुरातील पार्श्वभूमी

कोल्हापूर हे ओतकाम (फाउंड्री) आणि अभियांत्रिकी उद्योगांचे केंद्र आहे. शिवाजी उद्यमनगर हा शहरातील जुना औद्योगिक भाग असून पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. जिल्ह्यातील साखर कारखाने, उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या कार्यशाळा, शेड व ग्रिलची कामे करणारी फॅब्रिकेशनची दुकाने आणि ओतकाम कारखान्यांतील देखभाल विभाग येथे वेल्डरला काम मिळते.

या प्रत्येक ठिकाणची अपेक्षा वेगळी असते. ट्रॉली बांधणाऱ्या कार्यशाळेत माइल्ड स्टीलच्या पत्र्यावर व चॅनेलवर सफाईने आणि वेगाने काम करणारा कारागीर हवा असतो. ओतकाम कारखान्यात बिडाच्या ओतीवांची दुरुस्ती करताना निकेलयुक्त रॉड वापरणे, वस्तू आधी तापविणे व नंतर सावकाश थंड होऊ देणे यांचे ज्ञान लागते, कारण बीड ठिसूळ असल्याने सांध्याशेजारी तडा जाण्याचा धोका असतो. साखर कारखान्यात गाळप हंगाम संपल्यानंतर नळ्या, टाक्या व बाष्पक यांची दुरुस्ती चालते. हंगामात चालू गिरणीच्या रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे थेंब बसवून ऊस पकडण्यासाठी खरखरीतपणा आणण्याचे ‘रोलर आर्सिंग’ हेही एक खास काम आहे. त्यामुळे एकच परिचयपत्रक सर्वत्र न देता, जिथे अर्ज करावयाचा त्या कामाशी जुळणारा अनुभव वर घेणे उपयुक्त ठरते.

घटक

वेल्डरच्या परिचयपत्रकात सामान्यतः पुढील भाग असतात.

नाव व संपर्क : संपूर्ण नाव, चालू भ्रमणध्वनी क्रमांक, गाव व तालुका. महाराष्ट्रात ‘बायोडाटा’ हा शब्द विवाहासाठीच्या माहितीपत्रकालाही वापरतात. त्या प्रभावामुळे नोकरीच्या परिचयपत्रकातही जात, जन्मवेळ, वडिलांचा व्यवसाय असा मजकूर शिरतो. नोकरीसाठी त्याची गरज नसते. आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा तपशील परिचयपत्रकात देणे सुरक्षिततेच्या दृष्टीने टाळले जाते.

सारांश : अनुभवाची वर्षे, मुख्य प्रक्रिया व मुख्य काम सांगणारी दोन-तीन वाक्ये.

कौशल्ये : प्रक्रिया, धातू, जाडी, स्थिती व पूरक कौशल्ये (नकाशावाचन, गॅस कटिंग, ग्राइंडिंग, जुळणी, मोजमाप).

प्रमाणपत्रे : प्रमाणपत्राचे नाव, देणारी संस्था, वर्ष व मुदत.

अनुभव : अलीकडची नोकरी प्रथम घेऊन उलट क्रमाने.

शिक्षण : शालेय शिक्षण व व्यवसाय प्रशिक्षण.

तांत्रिक कौशल्यांची नोंद

‘सर्व प्रकारचे वेल्डिंग येते’ या वाक्यातून पर्यवेक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रक्रियेचे नाव स्पष्ट लिहिले जाते : रॉडने केलेले आर्क वेल्डिंग (एसएमएडब्ल्यू), टिग (जीटीएडब्ल्यू), मिग/मॅग (जीएमएडब्ल्यू), फ्लक्स-कोअर्ड (एफसीएडब्ल्यू), सबमर्ज्ड आर्क (एसएडब्ल्यू) किंवा गॅस वेल्डिंग.

स्थितीसाठी अमेरिकी पद्धतीतील संकेत भारतात रूढ आहेत. खाचेच्या (ग्रूव्ह) सांध्यासाठी १जी म्हणजे सपाट, २जी आडवी, ३जी उभी आणि ४जी डोक्यावरची स्थिती. नळीच्या बाबतीत ५जी मध्ये नळी आडवी व स्थिर असते, तर ६जी मध्ये ती ४५ अंशांत तिरकी बसविलेली असून वेल्डरला ती फिरविता येत नाही. ६जी चाचणी उत्तीर्ण होणे हे उच्च कौशल्याचे लक्षण मानले जाते. कोपऱ्याच्या (फिलेट) सांध्यासाठी ‘जी’ ऐवजी ‘एफ’ हे अक्षर येते.

नोंदीची दोन उदाहरणे अशी :

आर्क वेल्डिंग, ई ७०१८ रॉड, ८ मिमी जाडीची माइल्ड स्टील पट्टी, ३जी स्थिती.
टिग वेल्डिंग, ईआर ३०८एल फिलर, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची नळी, रूट पास, ५जी स्थिती.

अशा एका ओळीवरून वाचणाऱ्याला उमेदवाराची नेमकी क्षमता समजते आणि चाचणीचा नमुनाही ठरविता येतो.

शिक्षण व प्रमाणपत्रे

भारतात वेल्डरचे औपचारिक शिक्षण प्रामुख्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत (आयटीआय) दिले जाते. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातील आयटीआयमध्ये या व्यवसायाला ‘संधाता’ असे नाव असून अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. कोल्हापुरातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था कळंबा रस्त्यावर आहे. अखेरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार कारखान्यात शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नवशिक्या उमेदवाराच्या परिचयपत्रकात शिकाऊ उमेदवारीचा काळ हाच अनुभव म्हणून मांडला जातो.

दाबपात्रे व नळ्यांच्या कामासाठी एएसएमई संहितेचा नववा विभाग, पोलादी बांधकामासाठी एडब्ल्यूएस डी१.१ आणि आंतरराष्ट्रीय स्तरावर आयएसओ ९६०६-१ ही मानके वापरली जातात. एएसएमईच्या नवव्या विभागानुसार वेल्डरची पात्रता तपासण्याची जबाबदारी त्याला काम देणाऱ्या आस्थापनेवर असते. त्यामुळे एका कारखान्यातील पात्रता दुसऱ्या कारखान्यात आपोआप लागू होत नाही. नव्या ठिकाणी पुन्हा चाचणी होऊ शकते. एखादी प्रक्रिया सलग सहा महिने वापरली नाही तर त्या प्रक्रियेची पात्रता संपते. म्हणून प्रत्येक प्रक्रियेपुढे शेवटचे काम कोणत्या महिन्यात केले हे लिहिणे महत्त्वाचे असते.

बाष्पकाच्या दाबवाहक भागांवर काम करण्यासाठी भारतीय बाष्पक विनियम, १९५० (आयबीआर) नुसार वेगळे प्रमाणपत्र लागते. १९२३ च्या बाष्पक अधिनियमाची जागा आता २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे. महाराष्ट्रात हा विषय बाष्पके संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. साखर कारखान्यात अर्ज करताना हे प्रमाणपत्र असल्यास ते पहिल्या पानावर, मुदतीच्या दिनांकासह नोंदविले जाते.

प्रमाणपत्र नसलेले कारागीर

उद्यमनगरासारख्या भागात मिस्त्रीच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागून काम शिकण्याची परंपरा आहे. अशा कारागिराचा हात उत्तम असतो, पण कागद नसतो. ठेकेदाराकडे रोजंदारीवर केलेल्या कामाचा अनुभवाचा दाखला बहुधा मिळत नाही आणि दहा-पंधरा वर्षांचा अनुभव कागदावर शून्य ठरतो. त्याचा परिणाम वेतनश्रेणीवर आणि कायम नोकरीच्या संधीवर होतो.

या स्थितीत काही पर्याय उपलब्ध असतात. भविष्य निर्वाह निधीचे खाते असल्यास त्याच्या पासबुकावरून कोणत्या आस्थापनेत किती काळ काम केले हे दाखविता येते. २०१४ पासून लागू झालेल्या सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे (यूएएन) वेगवेगळ्या नोकऱ्यांची नोंद एकत्र मिळते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी अनौपचारिकपणे शिकलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची (आरपीएल) तरतूद आहे. याशिवाय केलेल्या कामाची छायाचित्रे, कामाचे ठिकाण, वर्ष आणि ज्याच्याकडे खात्री करता येईल अशा पर्यवेक्षकाचे नाव (त्याच्या संमतीने) देणे हाही पुराव्याचा मार्ग आहे.

परदेशातील नोकरी

आखाती देशांतील नोकरीसाठीचे परिचयपत्रक इंग्रजीत असते आणि त्यातील नाव व जन्मदिनांक पारपत्राशी तंतोतंत जुळणे आवश्यक असते. उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार भरती करणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि तो उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये (अधिक वस्तू व सेवा कर) सेवाशुल्क घेऊ शकतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना ठरावीक देशांत कामासाठी जाताना उत्प्रवास परवानगी लागते. म्हणून शालेय शिक्षणाची नोंद अचूक असणे गरजेचे ठरते.

सर्वसामान्य दोष

न येणारी प्रक्रिया किंवा स्थिती लिहिणे हा सर्वांत घातक दोष होय. सांधा वाकवून किंवा क्ष-किरण चित्र घेऊन तपासला जातो, त्यामुळे खोटी नोंद चाचणीतच उघडी पडते. ती तिथे सुटली तर दाबाखालील नळीचा किंवा भार पेलणाऱ्या तुळईचा सांधा निकामी होऊन जीवितहानी होऊ शकते. मुदत संपलेले प्रमाणपत्र चालू असल्याचे दाखविणे, नोकऱ्यांमधील खंड लपविणे, बंद पडलेला भ्रमणध्वनी क्रमांक देणे आणि दुसऱ्याच्या परिचयपत्रकातील मजकूर जसाच्या तसा उतरविणे हे इतर नेहमी आढळणारे दोष आहेत. आजारपण, शेतीची कामे किंवा हंगामी नोकरी यांमुळे पडलेला खंड एका ओळीत स्पष्ट केल्यास तो सहसा अडसर ठरत नाही.