ऑल-टेरेन वाहनाचे मोठे टायर
ऑल-टेरेन वाहन (एटीव्ही) हे खडबडीत वा चिखलमय जमिनीवर चालणारे, हँडलने वळवले जाणारे वाहन होय. त्याच्या टायरवरील '२५×८-१२' हे अंक अनुक्रमे टायरचा एकूण व्यास, रुंदी व रिमचा व्यास इंचांत दर्शवतात.

२५ ऐवजी २७ इंची टायर बसवल्यास अ‍ॅक्सल जमिनीपासून केवळ १ इंच उंचावतो. मात्र चाकाच्या एका फेरीत कापले जाणारे अंतर ८ टक्क्यांनी वाढते. परिणामी वाहनाची ओढण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी घटते, क्लच व बेल्टवर ताण येतो आणि चाकांच्या फेऱ्यांवरून वेग मोजणारा स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. गुरुत्वमध्य उंचावल्याने उतारावर वाहन उलटण्याचा धोकाही वाढतो.

टायर निवडताना तो पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासत नाही, हे पाहावे लागते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनात पुढील व मागील टायरच्या व्यासांचे मूळ प्रमाण राखणे आवश्यक असते.