घरात आलेली तार

मिरकरवाड्यात आता पुष्कळ घरांत टीव्हीच्या वर दोन-चार शिंगांची एक पेटी दिसते. आपण तिला ‘वायफाय’ म्हणतो. तिचं नाव राऊटर. आज तिचा इतिहास सांगते, कारण त्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

राऊटरचं काम आपल्या धक्क्यावर चटकन समजतं. लिलाव झाला की मासळी बर्फ घालून क्रेटमध्ये भरतात. एक क्रेट कोल्हापूरला, दुसरा गोव्याला, तिसरा मुंबईला. कुठला क्रेट कुठल्या गाडीत चढवायचा, हे बघणारा माणूस लागतो. आत पापलेट आहे की बांगडा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इंटरनेटवरही तसंच. आपण पाठवलेल्या फोटोचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि तो पत्ता वाचून तुकडा पुढे धाडतो तो राऊटर.

वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणारा असा पहिला राऊटर १९७५-७६ मध्ये अमेरिकेतल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत तयार झाला. तो घडवला जिनी ट्रॅव्हर्स या बाईंनी. २२ नोव्हेंबर १९७७ ला कॅलिफोर्नियात धावत्या गाडीतून रेडिओवर निघालेला संदेश तारेने अमेरिका ओलांडून, उपग्रहावरून युरोपात जाऊन, परत कॅलिफोर्नियात पोहोचला. रेडिओ, तार आणि उपग्रह अशी तीन जाळी एकत्र चालली. पुढे १९८५ मध्ये राडिया पर्लमन या बाईंनी जाळ्यातले संदेश गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून एक पद्धत शोधली. ती आजही वापरात आहे.

बायकांनी घडवलेली ही वस्तू आपल्या हाताशी यायला मात्र वेळ लागला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: तार कुठे येऊन थांबते?

आधी ती नाक्यावर थांबायची. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आठवा. रात्री दर उतरायचा, म्हणून गर्दी रात्रीची. आखातातल्या नवऱ्याशी बोलायचं, तर बाईने रात्री नाक्यावर रांगेत उभं राहायचं आणि घरातली गोष्ट चार लोकांसमोर सांगायची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसारख्या मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वांसाठी सुरू केलं. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचं. इंटरनेट चालू असलं की फोन बंद. मग सायबर कॅफे आले, पण तेही बाजारात, पोरांच्या गर्दीत. २००५ मध्ये सरकारी ब्रॉडबँड आलं. त्या वेळी २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड! २०१६ नंतर मोबाइलचं इंटरनेट स्वस्त झालं, पण मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० पुरुषांमागे ५७ जणांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. बायकांमध्ये १०० मागे ३३ जणींनी.

आता तार घराच्या भिंतीपर्यंत आली आहे. राऊटर कुणाच्या खिशात मावत नाही. पण त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, अजून एकाच माणसाकडे असते. तो माणूस बोटीवर गेला, रेंजच्या बाहेर गेला, आणि इकडे नेट बंद पडलं, तर मुलीचा परीक्षेचा फॉर्म अडतो, सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलणं अडतं. म्हणून जोडणीला माणूस येईल तेव्हा आपण समोर उभं राहावं आणि चार गोष्टी विचारून घ्याव्यात. ग्राहक क्रमांक कुठला? तक्रारीचा नंबर कुठला? जोडणी कुणाच्या नावावर आहे? पासवर्ड कसा बदलायचा?

राऊटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. घरात येणारा-जाणारा कुणीही तो वाचू शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी बदलावा आणि नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. राऊटरची सेटिंग उघडण्याचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क चालू करता येतं.

पेटी घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्या जागी ठेवावी. लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी लहरी अडवतात. फायबरची तार काचेची असते, ती खिळ्याला गुंडाळून मोडू नये. ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर बहुधा बाहेरून येणारा प्रकाश तुटलेला असतो, तेव्हा पेटी बदलायच्या भरीस न पडता आधी तक्रार नोंदवावी. आपल्याकडे वीज गेली की राऊटरही झोपतो, त्याला छोटा बॅटरी-बॅकअप मिळतो. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा, आणि खाऱ्या हवेत पेटीवर ओल धरू देऊ नये.

यात अवघड काही नाही. लिलावात एका नजरेत भाव ठरवणाऱ्या बाईला चार दिव्यांचे अर्थ कळायला एक संध्याकाळ पुरते. या आठवड्यात ती संध्याकाळ काढा, आणि घरातल्या मुलीला शेजारी बसवा.